खुलासा : कुत्र्याच्या गांधी म्हणजे ‘अंगातली उष्णता’ नव्हे

‘नागपूरच्या उन्हाने कुत्र्याला गांधी उठतात, ताक पाजा, जळालेलं इंजिन ऑइल चोळा,’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे, आणि ऑइल तर घातकच: कुत्रा ते चाटतो, विष पोटात जातं.

गांधी ही अॅलर्जी. कीटकदंश, औषध, लस किंवा खाण्यातून काही मिनिटांत ते काही तासांत उठते. जागोजागी केसांचे पुंजके उभे दिसतात, हात फिरवला की खाली फुगवटा लागतो. बहुधा दिवसभरात ओसरते, म्हणून ताकाला फुकटचं श्रेय!

वारंवार उठत असेल तर आधी पिसवा बघा. शेपटीच्या मुळाशी बारीक कंगवा फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. खाण्याचा संशय असेल, तर चिकन आठवडाभर बंद करून काही कळत नाही. पशुवैद्यांनी ठरवलेला एकच आहार किमान 8 आठवडे लागतो, मधे एक बिस्किटही नको.

अॅलर्जीवर म्हणून सर्दीची मिश्र गोळी देऊ नका, त्यातलं फिनायलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) कुत्र्याला बाधतं. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर लगेच दवाखाना गाठा.