मावशी, कुलूप राहू दे

परवा रात्री साडेदहाला दुकानाचं शटर ओढत होतो, तेवढ्यात मावशीचा फोन. "तुझ्या गोडाऊनचं ते मोठं कुलूप शनिवारी आणून दे. याला चार दिवस कोंडायचं ठरवलंय. आतून कितीबी बोंबलला तरी उघडायचं नाही म्हणून लिहिलंय."

कुठं लिहिलंय? व्हॉट्सॲपवर. मग तिनं तो मेसेज मला धाडला. भावकीच्या ग्रुपवर तो आधीच तीनदा येऊन गेला होता आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. ती चूक माझी. पण आता तो मेसेज माझ्या मावसभावाच्या दाराला कुलूप लावायला निघालाय, तेव्हा गप्प बसणं जमायचं नाही.

"दारू सोडवण्याचे पाच रामबाण उपाय. प्रत्येक माउलीपर्यंत पोहोचवा." वर तेवणारा दिवा, खाली जोडलेले हात. उपाय असे. एक: चार दिवस खोलीत कोंडा, थरथरला, बडबडला तरी ते नाटक आहे, विष बाहेर पडतंय. दोन: त्याला न सांगता दारू सोडवायची गोळी कुटून जेवणात घाला. तीन: मानसोपचारवाल्यांकडे नेऊ नका, दारू सुटून गोळ्यांचं व्यसन लागतं. चार: माया बंद, पैसा बंद, चारचौघांत लाज काढा. पाच: एवढं करूनही परत प्यायला तर तो माणूस संपला, नाद सोडा.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीच्या रस्त्याला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. औषधाच्या पाकिटातला कागद वाचायची सवय आहे, एवढंच.

आधी ते कुलूप.

मावसभाऊ टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. दहा-बारा वर्षं रोज पितोय. हल्ली पाळीला जायच्या आधी सकाळी थोडी घ्यावी लागते, नाहीतर तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही, इतकं बोट कापतं. मावशी हे शरमेनं सांगते. डॉक्टरच्या दृष्टीनं मात्र सगळ्यात महत्त्वाची खूण हीच आहे. सकाळी हात स्थिर करायला ज्याला दारू लागते, त्याचं शरीर दारूवर टेकलेलं असतं. रोजची दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्या दाबाविरुद्ध उलटा जोर लावायला शिकतो. दाब एका रात्रीत काढून घेतला की तो जोर मोकाट सुटतो.

मग काय होतं ते वेळेनुसार सांगतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत कापरं, घाम, मळमळ, झोप नाही. फिट आली तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत. आणि काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डेलिरियम ट्रेमेन्स: ताप, नाडी धावते, आपण कुठं आहोत याचं भान जातं, नसलेली माणसं आणि किडेमुंग्या दिसायला लागतात. उपचार मिळाले तर बहुतेक जण यातून बाहेर येतात. मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणजे बघा, मेसेज लिहिणाऱ्यानं कुलपासाठी नेमके तेच चार दिवस निवडलेत.

आणि "विष बाहेर पडतंय" म्हणे! दारू पहिल्या दिवसातच अंगातून निघून गेलेली असते. तिसऱ्या रात्री माणूस थरथरतो तो दारू नसल्यामुळं.

आमच्या मामाला असंच कोंडलं होतं. मी तेव्हा दहावीत. मिल बंद पडल्यावर मामाची दारू वाढली, आणि आजोळच्या थोरांनी ठरवलं की माळ्यावरच्या खोलीत ठेवायचं, वरून कडी. दोन दिवस आरडाओरडा. तिसऱ्या रात्री तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला, म्हणून सगळ्यांना वाटलं उतार पडला. मला भाकरी द्यायला वर पाठवलं. मामा चादर मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्यावरची फुलं एकेक करून वेचत होता. वेचायची, भिंतीकडं टाकायची. "मुंग्या बघ की किती झाल्यात." अख्खी उमर ज्यानं चादरी विणल्या, त्याला त्या चादरीवरची नक्षी ओळखू येत नव्हती. मी खाली येऊन सांगितलं. कुणीतरी म्हणालं, नाटक करायलाय. कुणीतरी लिंबू उतरवायला घेतलं. पहाटे फिट आली, मग दुसरी. रिक्षा मिळेपर्यंत उजाडलं होतं आणि मामा गेला होता. घरात आजही "दारूनं गेला" असंच सांगतात. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आज करतो.

सगळ्यांनाच एवढं होतं असं नाही. सणासुदीला पिणाऱ्यानं बंद केली तर काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणारा, सकाळी लागणारा, पूर्वी कधी फिट आलेला असा माणूस असेल तर दारू बंद करायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. तिथं कापऱ्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात आणि रोज मोजून कमी करत नेतात. जीवनसत्त्व बी-१ चं इंजेक्शन देतात, तेही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी, कारण हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घरच्या कुलपाला यातलं काय जमणार आहे? ताडीवाल्यांचं तर आणखी वेगळं. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखं झोपेचं रसायन असतं, ते एकदम तोडलं तरी असाच झटका बसतो. आपण "ताडी तर हलकी" म्हणून सोडून देतो.

याच मुद्द्याखाली एक ओळ आहे, "घरी जमत नसेल तर साखळीला बांधणाऱ्या केंद्रात टाका." मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळं होणाऱ्या मानसिक अवस्था या कायद्यानं मानसिक आजारात धरल्या आहेत. कलम ९५ प्रमाणं अशा रुग्णाला साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे आणि नोंदणीशिवाय असं केंद्र चालवता येत नाही. साखळी दिसली की तिथून उलट्या पावली निघा.

आता दुसरा मुद्दा, कुटून घालायची गोळी. माझ्या काउंटरवर महिन्याला दोन-तीन बायका तरी येतात. विड्या कारखान्यात देऊन परतताना, गर्दी कमी झाली की, पदर तोंडाशी धरून विचारतात, "दादा, ती न सांगता द्यायची गोळी आहे का?" त्यांचा राग येत नाही. ज्यानं त्यांच्या डोक्यात हे भरवलं त्याचा येतो.

ही गोळी म्हणजे डायसल्फिराम. औषध खरं आहे, ते मान्य करतो. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये तिचा हा उपयोग सापडला आणि आजही डॉक्टर ती देतात. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा त्रासदायक पदार्थ तयार होतो. एरवी यकृत त्याचा लगेच निकाल लावतं, ही गोळी तो निकाल अडवते. त्यामुळं गोळीवर दारू प्यायली की तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या, रक्तदाब खाली. हृदय किंवा यकृत आधीच कच्चं असेल तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही.

या औषधाच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात चौकटीत इशारा छापलेला आहे: रुग्ण नशेत असताना, किंवा त्याला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय, हे औषध कधीही देऊ नये. मेसेज नेमकं तेच करायला सांगतो. मी हा कागद दोन बायकांना मराठीत वाचून दाखवला, दोघी गोळी न घेता गेल्या.

यात अक्कल किती आहे तेही बघा. गोळीचा सगळा जोर माणसाला ती माहीत असण्यात आहे. "सकाळी मी गोळी घेतलीय, आज प्यायलो तर हाल होतील" हे त्यानं मनाशी म्हणायचं. न सांगता घातलीत तर तो नेहमीसारखा पिणार, पडणार, आणि बायकोच्या हातची आमटी पुन्हा तोंडाला लावायची त्याला भीती वाटणार. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. आत काय आहे ते विकणाऱ्याला तरी ठाऊक असतं का?

तिसरा. गोळ्यांची सवय लागते. अर्धं खरं आहे, आणि हे मेडिकलवालाच सांगतोय. कापऱ्याच्या त्या गोळ्या मनानं घेत राहिलात तर सवय लागते. म्हणूनच त्या शेड्यूल एच-१ या सरकारच्या औषधयादीत आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि कुणाला दिल्या ते वेगळ्या वहीत लिहून ठेवावं लागतं. डॉक्टर त्या थोडे दिवस देऊन बंद करतात. पुढं ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं असतात, त्यांची सवय लागत नाही. डिप्रेशनच्या गोळीची तल्लफ येऊन कुणी माझं शटर वाजवल्याचं बावीस वर्षांत आठवत नाही.

"डॉक्टर करून सगळे थकले" असंही एक वाक्य आहे. कोण थकले? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं देशभर पाहणी केली, अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागं जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. ॲडमिट होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला. आपण डॉक्टर करून थकलेलो नाही. आपण लिंबू, अंगारा आणि शिव्या करून थकलोय.

चौथ्या मुद्द्यात एक गोष्ट बरोबर आहे, नाइलाजानं कबूल करतो. पैसा बंद करणं ठीक. त्याच्या खाड्याला "ताप आलाय" म्हणून मालकाला फोन करू नका, त्याची उधारी भागवू नका, त्यानं फोडलेलं त्याला दिसू द्या. मावशीनं गेल्या दिवाळीत त्याची उचल फेडली, ती फेडायला नको होती. पण याला माया बंद करणं म्हणत नाहीत. जेवायला वाढणं, "आज बोलावंसं वाटतंय का" विचारणं, ओपीडीच्या रांगेत शेजारी बसणं हे चालू ठेवायचं.

आणि लाज काढून माणूस सुधारत असता तर आपल्या गल्लीत एक बेवडा उरला नसता. हातभट्टीचंच घ्या. सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर किती धाडी पडल्या, किती बॅरल फुटले, भट्ट्या परत पेटायच्याच. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना ऑपरेशन परिवर्तन सुरू झालं, अधिकाऱ्यांनी गावं वाटून घेतली, गाळणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याला लावायला घेतलं. ते गाळणारे, हा पिणारा, फरक आहे, कळतं मला. तरी नुसत्या दांडक्यानं भागत नाही हे ज्यांच्या हातात दांडकं आहे त्यांनाच पटलं, तर आपल्याला का पटू नये? आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं ते मार-साखळीच्या वाटेनं न जाता. आपल्याकडून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं कितीतरी जण तिथं गेलेत, फक्त परत आल्यावर कुणी तसं सांगत नाही.

मुलांसमोर अपमान करा, ही ओळ लिहिणाऱ्याला मुलं नसावीत. पुतण्याचं, मावसभावाच्या पोराचं, वय नऊ आहे.

पाचवा मुद्दा दोन ओळींत संपतो. लूमवर धागा तुटला की सुताचा अख्खा बीम काढून फेकत नाहीत. लूम थांबवतात, गाठ मारतात, परत चालू करतात. स्लिप होते, बऱ्याच जणांची होते. डॉक्टरला सांगायचं आणि पुढं जायचं.

मावशीला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. सोमवारी सकाळी सिव्हिलला मानसोपचार विभागात केसपेपर काढायचा, मी सोबत येतो. तोवर घरातल्यांनी त्याची दारू आपल्या मनानं एकदम तोडायची नाही. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला तर सोमवारची वाट न बघता थेट इमर्जन्सी. रात्री-अपरात्री तिचंच डोकं फुटायची वेळ आली तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर, आणि व्यसनासाठी १४४४६. तिच्या औषधाच्या डब्यावर दोन्ही चिकटवून आलोय. तिलाही झोप नाही, बीपी वाढलंय, ते कुणी विचारलंच नव्हतं.

भावाशीही बोललो. कोंडायचं चाललं होतं ते त्याला माहीत होतं. "मला वाटलं तू कुलूप घेऊन येशील," एवढंच म्हणाला. येतो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

काल मावशीचा परत फोन. "मग आमटीत काहीच घालायचं नाही म्हणतोस?"

"मीठ घाल की. नेहमीएवढं."