‘गॅप पडला की पदवी विसरा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या जावेने कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी पुन्हा कपाटात टाकली. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, आधारची झेरॉक्स हे सारे तिने महिनाभर खपून गोळा केले होते. तिचे वय ३८. अकरावीत असताना लग्न झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. आता ती एका पतसंस्थेसाठी दारोदार फिरून रोजची ठेव गोळा करते. सतरा नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून बारावी करायची आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.ए., असा तिचा बेत होता. तो मोडला बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका संदेशाने.

संदेश असा: शिक्षणात तीन वर्षांपेक्षा जास्त गॅप असेल तर कोणतेही विद्यापीठ प्रवेश देत नाही, तिशीनंतर पदवीचे दार बंद, सतरा नंबरची बारावी विद्यापीठात चालत नाही, मुक्त विद्यापीठाच्या पदव्या सुप्रीम कोर्टाने रद्द केल्या आहेत. आणि शेवटी, उपकार केल्याच्या थाटात, घरबसल्या एका वर्षात पदवी मिळवून देणाऱ्या एका ‘मार्गदर्शन केंद्रा’चा मोबाइल क्रमांक. हाच संदेश मला त्या दिवसापासून आणखी तीन ग्रुपांवर आला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

गॅप आणि वय यांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. शिक्षणात खंड पडला असेल तर महाविद्यालये नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र मागतात, ज्यात मधल्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता एवढेच लिहून द्यायचे असते. हा कागद प्रवेश देताना मागतात, प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे. बी.ए., बी.कॉम.सारख्या पदवीला कमाल वयाची अट नाही आणि केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी परीक्षेलाही नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला काही वर्षे कमाल वयाची अट होती, ती २०२२ मध्ये काढण्यात आली. कायद्याच्या प्रवेशाला वयाची मर्यादा लावण्याच्या बार कौन्सिलच्या (वकिलीचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या) परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. वयाचा हा गोंधळ बहुधा नोकरीच्या जाहिराती वाचून झालेला असावा. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गासाठी साधारणपणे ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही कमाल वयोमर्यादा आहे. पण ती नेमणुकीची अट आहे. वर्गात बसण्याशी तिचा संबंध नाही.

सतरा नंबरविषयीचे विधान तर निव्वळ अज्ञान आहे. ज्यांची शाळा सुटली त्यांना राज्य मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता यावी यासाठीचा हा नाव नोंदणीचा अर्ज आहे. मंडळ तेच, प्रश्नपत्रिका तीच, वेळापत्रकही तेच. जी व्यक्ती आधी परीक्षेला बसून नापास झाली तिने मात्र हा फॉर्म भरायचा नसतो, तिचा अर्ज पुनर्परीक्षार्थी म्हणून जातो. या दोहोंत गल्लत करून कित्येकांचे वर्ष वाया जाते. राज्य मंडळ नको असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. तिथेही कमाल वयाची अट नाही.

आता सुप्रीम कोर्टाच्या मुद्द्याकडे येते, कारण जावेला खरी धडकी याच वाक्याने भरली. ज्या निकालाच्या जोरावर असे संदेश फिरतात तो २००९ चा, अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणातला आहे. त्यात एका व्यक्तीने आधीची पदवी न घेता, मुक्त विद्यापीठ पद्धतीने थेट एम.ए. केले होते आणि त्या एम.ए.च्या आधारे झालेल्या सरकारी नेमणुकीचा वाद न्यायालयात गेला होता. पहिली पायरी न चढता वरच्या पायरीची पदवी घेतली तर ती ग्राह्य धरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी टाकाऊ आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरस्थ शिक्षणविषयक विनियमांतील २२ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की, मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीशी समतुल्य मानली जाईल. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्वतंत्र सूचना काढून तेच पुन्हा सांगितले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले आहे, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मिरवणाऱ्या त्या विद्यापीठाचे पदवीधर आज सरकारी कचेऱ्यांत बसून इतरांचे दाखले तपासत आहेत.

तरीही एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. संदेशात अर्ध्या चमच्याएवढे सत्य आहे आणि ते पायऱ्यांच्या क्रमाविषयी आहे. बारावी न केलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम असतो. तो पूर्ण करून त्याच विद्यापीठाच्या पदवीकडे जाता येते, पण तो शिक्षणक्रम म्हणजे बारावी नव्हे. उद्या कोणाला वकील व्हायचे असेल तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत म्हटले आहे की, मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणार नाही. शिवाय दूरस्थ पद्धतीला मान्यता मिळते ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक. विद्यापीठ खरे असले तरी तो अभ्यासक्रम त्या वर्षी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे की नाही, हे स्वतः पाहावे लागते. अभियांत्रिकी, वैद्यकशास्त्र, कायदा यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने घेताच येत नाहीत. जावेने आधी बारावी करायचे ठरवले ते म्हणूनच शहाणपणाचे होते. तिला कोणी हे समजावले नव्हते, तिने आपले आपणच ठरवले होते.

आणि आता तो मोबाइल क्रमांक. वरची चार विधाने ज्याच्यासाठी रचली तो माल इथे आहे, म्हणून मी त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी मला पहिल्याच वाक्यात ‘ताई’ केले आणि दुसऱ्या वाक्यात ‘सिंगल सिटिंग’ समजावून सांगितले: मागच्या दोन वर्षांचा प्रवेश ‘बॅक डेट’मध्ये दाखवायचा, त्या वर्षांच्या गुणपत्रिका ‘क्रेडिट ट्रान्सफर’ने आणायच्या आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा तेवढी द्यायची. बारावी नसेल तर? ‘त्याचीही सोय होते.’ विद्यापीठाचे नाव मात्र पैशांचा पहिला हप्ता भरल्यावर सांगतात म्हणे. याच केंद्राच्या संदेशाने मुक्त विद्यापीठाची पदवी रद्द झाल्याचे सांगितले होते. मग न शिकता, न बसता, मागील तारखेने आणलेली पदवी कोणत्या न्यायालयात टिकणार, हा प्रश्न मी विचारला तेव्हा फोन कटला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, आणि तीत नागपूरचे एक नाव वर्षानुवर्षे आहे. कमी वेळात पदवीची जी काही कायदेशीर सोय आयोगाने अलीकडे केली आहे, तिच्यातही तीन वर्षांची पदवी पाच सत्रांच्या, म्हणजे अडीच वर्षांच्या, आत होत नाही, आणि तीही विद्यापीठाच्या समितीने विद्यार्थ्याची कुवत पाहून परवानगी दिल्यावर. एका वर्षात पदवी हा प्रकार तिथे नाही. बनावट पदवी नुसती वाया जात नाही, ती नोकरीच्या अर्जाला जोडली की फसवणुकीचा गुन्हा अंगावर येतो, आणि तो नुसत्या मार्गदर्शकाच्या नव्हे, अर्जदाराच्याही.

जावेपुढे खरी अडचण एकच होती आणि तिचा त्या संदेशात उल्लेखही नाही: दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. ती विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्राने किंवा राजपत्रात नाव बदलून सुटते. काल आम्ही दोघी तिच्या जुन्या शाळेत जाऊन आलो. लिपिकाने पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर मांडले, दाखल्यावरची जन्मतारीख गुणपत्रिकेशी ताडून पाहिली आणि अर्जात नाव दहावीला होते तेच लिहायला सांगितले. जावेने ते तिथेच पेनाने एका कागदावर लिहून पाहिले. वीस वर्षांत ती सही केली नव्हती, म्हणून दोनदा लिहिले.