‘एसईलिनक्स बंद करा, दोन मिनिटांत सुटेल’ – काय सुटेल?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये तो कॉम्प्युटरचं सगळं बघतो : काटापावत्या, शेतकऱ्यांचं पेमेंट, गाठींचा हिशोब. "मामा, ते ४०३ येत होतं ना, पान उघडायला नकार देणारं, ते सुटलं. दोन मिनिटांत." कसं सुटलं म्हणून विचारलं, तर त्याने एक मेसेज पुढे ढकलला. माझ्याकडे तो आधीच तीन ग्रुपांतून येऊन पडला होता. ‘लिनक्स सर्व्हर लावल्यावर पहिलं काम : एसईलिनक्स बंद करा’ असा ठळक मथळा, खाली पाच कारणं, शेवटी जोडलेले हात. एसईलिनक्स म्हणजे लिनक्समधला जादा पहारा : कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या फाइलीला हात लावायचा हे ते ठरवतं.

कारणं थोडक्यात अशी. फाइलच्या परवानग्या आणि फायरवॉल असताना याची गरज नाही. अमेरिकन गुप्तचरांनी बनवलंय, मागचा दरवाजा असणारच. सर्व्हर मंदावतो. मोठ्या कंपन्या वापरत नाहीत. आणि कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात चालवायची पद्धत, वापरत असाल तर हे निव्वळ ओझं.

भाच्याच्या त्या सर्व्हरवर कापूस घातलेल्या शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत. म्हणून लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

क्रमाने जात नाही. आधी ‘मोठ्या कंपन्या वापरत नाहीत’. दादा, हा मेसेज ज्या मोबाइलवरून पाठवला तो अँड्रॉइड असेल, तर एसईलिनक्स त्याच मोबाइलमध्ये चालू आहे. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ मध्ये ते नुसतं नोंदी ठेवत होतं. २०१४ मध्ये ५.० आलं तेव्हापासून ते पूर्णपणे एनफोर्सिंग आहे, म्हणजे नोंद करून सोडत नाही, अडवतं. या मुद्द्यावर याहून जास्त शाई खर्चण्यात अर्थ नाही.

आता गुप्तचर. अर्धं खरं आहे, मान्य करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेच ते बनवून डिसेंबर २००० मध्ये उघड केलं आणि २००३ मध्ये ते मूळ लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६ मालिकेत आलं. या संस्थेवर संशय घेणंही वेडेपणाचं नाही. ड्युअल-ईसी नावाची यादृच्छिक आकडे काढायची पद्धत तिने मानकात घुसवली, त्यात खोट असल्याचा संशय बळावला आणि २०१४ मध्ये ती मानकातून काढून टाकावी लागली. पण इथे यंत्रणा कशी चालते ते तरी बघा. कोणतीही फाइल उघडताना कर्नल आधी नेहमीच्या परवानग्या तपासतो. तिथे नकार आला तर विषय संपला. होकार आला तरच एसईलिनक्सला विचारलं जातं, आणि त्याच्या हाती फक्त एक काम आहे : ‘नाही’ म्हणणं. आधी नाकारलेलं ते देऊ शकत नाही. दाराला दुसरी कडी लावली म्हणून मागून दार फुटत नाही. शिवाय वीसेक वर्षं तो कोड जगासमोर उघडा आहे. तरीही मन मानत नसेल तर असाच पहारा देणारं ॲपआर्मर वापरा. ते इम्युनिक्स कंपनीचं, पुढे नॉव्हेलकडे गेलं, उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटूत आधीपासून आणि डेबियनमध्ये २०१९ च्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं. (मेसेजमध्ये ‘उबुंटूवरही सेटएनफोर्स शून्य करा’, म्हणजे एसईलिनक्सचं अडवणं थांबवा, असं लिहिलंय. साध्या उबुंटूवर ती कमांडच नसते. यावरून लिहिणाऱ्याने स्वतः किती सर्व्हर लावले असतील ते ओळखा.)

खरा घातक मुद्दा पहिला : परवानग्या आणि फायरवॉल पुरेत. फायरवॉल दार राखतो, बरोबर. पण ४४३ नंबरचं दार तुम्हीच उघडं ठेवलंय, कारण वेबसाइट चालवायची आहे. चोर तिथूनच येतो, गिऱ्हाईक होऊन. अपलोडच्या पानात भोक सापडलं आणि त्याने स्वतःची स्क्रिप्ट आत टाकली, की तो वेबसर्व्हरच झाला. वेबसर्व्हरला जे वाचता येतं ते सगळं त्याला वाचता येतं. वर कुणी कंटाळून ‘७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, केलेलं असतंच.

भाच्याला मी त्याच्याच जिनिंगचं उदाहरण दिलं. फाटकावर काडेपेटी काढून घेतात की नाही? मालकाचा जावई आला तरी काढून घेतात. तू कोण, किती मोठा, हे तिथे विचारत नाहीत; आत रुई आहे एवढंच बघतात. कापसाचे ढीगही एकमेकांना चिकटून लावत नाहीत, एक पेटला तर दुसरा वाचावा म्हणून. एसईलिनक्समध्ये वेबसर्व्हरच्या प्रोसेसला एक शिक्का असतो, एचटीटीपीडी-टी. फाइलींवर वेगवेगळे शिक्के. कुठल्या शिक्क्याने कुठल्या शिक्क्याला हात लावायचा हे पॉलिसीत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेलं असतं. सर्व्हिस रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालत असली तरी तिची सुटका नाही. वेबसर्व्हरने कुणाच्या होम फोल्डरमधल्या फाइली वाचायच्या नाहीत आणि स्वतःहून बाहेर नेटवर्क जोडायचं नाही, हे लिनक्सच्या रेड हॅट, अल्मा, रॉकी या घराण्यात मुळातच ठरलेलं असतं. म्हणजे घुसलेल्या चोराला आतून बाहेर फोन लावायचीही पंचाईत.

मग भाच्याचं काय बिघडलं होतं? त्याने काटापावत्यांचं फोल्डर आपल्या होममध्ये तयार केलं आणि ‘एमव्ही’ने वेबच्या फोल्डरात हलवलं. हलवताना फाइल जुना शिक्का घेऊनच जाते. ‘सीपी’ने कॉपी केली असती तर नव्या जागेचा मिळाला असता. एसईलिनक्सला दिसलं की ही तर कुणाच्या घरातली वस्तू आहे. त्याने वेबसर्व्हरला हात लावू दिला नाही आणि ४०३ आला. म्हणजे यंत्रणा बरोबर वागली, आणि शिक्षा तिलाच झाली! उपाय एका ओळीचा : त्या फोल्डरवर ‘रिस्टोअरकॉन’, म्हणजे त्या जागेचा योग्य शिक्का परत मारणारी कमांड. ज्या एका फोल्डरात अपलोड येतात, तेवढ्यालाच लिहिण्याचा शिक्का ‘सेमॅनेज’ने द्यायचा. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर त्यासाठी तयार खटका आहे, ‘सेटसेबूल’ने दाबायचा.

ग्रुपमध्ये दुसऱ्या एकाने वर शहाणपणा केला : बंद नको, नकारांच्या नोंदींचा लॉग ऑडिट-टू-अलाऊ या प्रोग्रॅमला देऊन टाका, नियम आपोआप बनतात. बनतात ना! भाच्याच्या लॉगमधून त्याने हाच नियम बनवला असता की वेबसर्व्हरला घरातल्या फाइली वाचू द्या. कुणाच्या घरातल्या? सगळ्यांच्या. तो काय लिहितोय ते न वाचता चढवणं म्हणजे हप्त्याहप्त्याने बंद करणं.

आणि बंद करण्याचीही एक गंमत आहे. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ लिहून सर्व्हर चालवला, की त्या काळात बनलेल्या फाइलींना शिक्काच नसतो. पुढे चालू करायचं म्हटलं तर सगळ्या डिस्कवर नव्याने शिक्के मारत बसा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ पासून तर त्या ओळीने ते पुरतं बंदही होत नाही, फक्त पॉलिसी चढत नाही. तपासायलाच हवं असेल तर एका डोमेनपुरतं, म्हणजे एका सर्व्हिसच्या शिक्क्यापुरतं, परमिसिव्ह करता येतं : नुसती नोंद, अडवणं नाही. एक खिळा ठोकायला कुणी भिंत पाडत नाही.

वेग : थोडा खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण एकदा घेतलेला निर्णय कॅशमध्ये राहतो. काटापावतीच्या सर्व्हरला तो जाणवणार नाही. तो मंदावतो तो इंडेक्स नसलेल्या टेबलामुळे.

कंटेनरचा मुद्दा मात्र ठणकावून खोटा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भोक सापडलं, जाहीर भोकांच्या यादीत त्याचा नंबर सीव्हीई-२०१९-५७३६. आतला कंटेनर यजमान मशीनवरचा रनसीच बदलून टाकू शकत होता, म्हणजे थेट बाहेरचं रूट. रनसीच्या लोकांनी तेव्हा जाहीर केलेली सूचना वाचा. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर कंटेनर चालवणारं डॉकर पॅकेज आणि पॉडमन वाचले, कारण तिथे कंटेनर ‘कंटेनर-टी’ या शिक्क्याखाली चालत होते. त्याच फेडोरावर मोबी-इंजिन या तशाच तिसऱ्या साधनाचं पॅकेज वाचलं नाही, कारण तिथे शिक्का दुसराच, सैल होता. ॲपआर्मरच्या मूळ पॉलिसीनेही ते अडवलं नाही. म्हणजे एसईलिनक्स नुसतं चालू आहे एवढ्याने भागत नाही. तुमची सर्व्हिस कुठल्या कप्प्यात चालते हे बघावं लागतं.

इथे मेसेजवाल्यांना एक गोष्ट देऊन टाकतो. भाच्याचा काट्याचा प्रोग्रॅम, जो वजन वाचून पावती बनवतो, तो एसईलिनक्स चालू असतानाही मोकळाच होता. घरी बनवलेल्या सर्व्हिसची पॉलिसी कोण लिहिणार? लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारं सिस्टीमडी ती सुरू करतं आणि ती ‘अनकन्फाइन्ड-सर्व्हिस-टी’ म्हणून हिंडते. तिला कप्प्यात घालायचं तर ‘सेपॉलिसी जनरेट’ने सांगाडा काढायचा. तो आधी परमिसिव्ह असतो, नुसतं लिहून ठेवतो. मग चालू द्यायचं, नोंदी वाचायच्या, जे खरंच लागतं तेवढंच द्यायचं. दोन दिवसांत उरकू नका : बँकेची पेमेंट फाइल आठवड्यातून एकदाच बनते, ती बनण्याआधी कडी लावली तर शुक्रवारी शेतकरी फाटकावर उभे. नोंदींची भाषा भयंकर आहे, हेही खरं. आणि वेब ॲपला स्वतःचा डेटाबेस वाचायचा हक्क आहेच, तर ॲपच्याच भोकातून तो डेटा गेला, तर एसईलिनक्स काही करू शकत नाही. कर्नलमध्येच भोक असेल तरीही नाही.

काल रात्री फोनवर बसून आम्ही ते परत चालू केलं. शिक्के मारायला बराच वेळ गेला, तेवढ्यात त्याचं जेवण झालं. ४०३ गेला. अपलोडच्या फोल्डराला शिक्का मिळाला, काट्याची सर्व्हिस सध्या परमिसिव्हमध्ये नोंदी देतेय.

एकच काम राहिलंय. तो सर्व्हर मुळात मालकाच्या जावयांनी लावून दिला होता, आणि मेसेजही त्यांनीच पाठवलाय. त्यांना कोण सांगणार, यावर मामा-भाच्यांचं अजून एकमत झालेलं नाही.