अभेद्य तट, प्रति फूट ९० होन

रोलप्लेइंग गेमसाठी, म्हणजे पात्रे होऊन फाशांवर खेळायच्या काल्पनिक जगाच्या खेळासाठी, जादूचे तट रचण्याच्या आणि त्यांचे दर ठरवण्याच्या व्यवसायात, किंवा व्यसनात, आपण नव्याने शिरत असाल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. या कामाला दगड लागत नाही, चुना लागत नाही, मजूर लागत नाहीत आणि विचार तर मुळीच लागत नाही. एक वही, एक पेन आणि समोर बसलेली चार भाबडी माणसे एवढ्या साहित्यावर वाटेल तेवढा उंच तट उभा करता येतो. मी गेली अठरा वर्षे मालवणात घरांची आणि कुंपणांची अंदाजपत्रके करून पोट भरतो, त्यामुळे भिंत या विषयावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजत होतो. गेल्या दोन रविवारी माझ्याच पडवीत, माझ्याच घरचा चहा पिऊन, जे काही घडवून आणले गेले, त्यानंतर तो अधिकार मला पुरेपूर प्राप्त झाला आहे.

आमचा खेळ साधा आहे. आम्ही चौघे खेळाडू आणि एक गेममास्टर, म्हणजे खेळातले जग रचणारा, त्यातला माल विकणारा आणि शत्रू पाठवणारा. एक जण बँकेत, एक शाळेत, एक होड्यांची यंत्रे दुरुस्त करणारा, आणि मी. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद होतात, पर्यटक आटतात, अंगणातल्या पागोळ्यांपलीकडे काही दिसेनासे होते आणि मग आमच्या खेळाला जोर चढतो. खेळातील सुवर्णनाण्याला आम्ही होन म्हणतो. चौदा महिने रविवारमागून रविवार राक्षस मारून, खंडणी वसूल करून आणि एकदा तर स्वतःची नौका विकून आम्ही ३६,००० होन जमवले आणि त्यातून आमच्या बेटावर ४०० फूट लांबीचा, २० फूट उंचीचा, १० फूट जाडीचा ‘अभेद्य मंत्रतट’ विकत घेतला. दर होता प्रति फूट ९० होन. अभेद्य हा शब्द दरपत्रकात होता, मी तो मोठ्याने वाचून खात्री करून घेतली होती, याची कृपया नोंद घ्यावी.

तर आता आपल्यासाठी मार्गदर्शन. दर ठरवताना प्रथम आकडा ठरवावा आणि कारण नंतर शोधावे. आकडा असा असावा की खेळाडूंच्या थैलीत जेवढे आहे तेवढेच तो मागेल, एक होनही वर उरू देणार नाही. यालाच बाजारभाव म्हणतात. त्या आकड्यामागे मजुरी किती, साहित्य किती, वाहतूक किती, असे कोणी विचारू लागल्यास ‘ही जादू आहे’ असे उत्तर द्यावे. आणि त्याच दरपत्रकाच्या खालच्या ओळीत ‘बांधकाम कालावधी ४०० दिवस’ असेही लिहावे, म्हणजे जादूही होते आणि वाटही बघायला लागते.

माझ्यासारख्या मनुष्याने अशा वेळी पेन हातात घेणे ही वाईट खोड आहे, पण ती सुटत नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या २०१४ च्या नियमांत अकुशल मजुराचा रोज चांदीची २ नाणी आहे आणि १० चांदीच्या नाण्यांचा १ होन होतो. म्हणजे ३६,००० होनांत १,८०,००० मजूर-दिवस येतात. आमचा तट ८०,००० घनफूट, म्हणजे शंभर घनफुटांचा एक या हिशेबाने ८०० ब्रास. एका ब्रासला २२५ माणसांची दिवसभराची मजुरी! हा आकडा मी आमच्या मेस्त्रींना सांगितला तेव्हा त्यांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला आणि असे काम कुठे चालू आहे ते विचारले. बरे, मजुरांनी नव्हे, मांत्रिकाने बांधला म्हणावे, तर ‘वॉल ऑफ स्टोन’ या मंत्रातून १० फूट लांब, १० फूट उंच आणि ६ इंच जाड अशी १० फलके मिळतात, म्हणजे एका मंत्रात ५०० घनफूट, सरळ ५ ब्रास. दहा मिनिटे मांत्रिकाची एकाग्रता कोणी मोडली नाही, तर ती भिंत कायमची राहते. नवव्या पातळीच्या मांत्रिकाला हा मंत्र दिवसातून एकदा येतो, थोडी विश्रांती घेऊन गेलेली शक्ती परत मिळवली तर दोनदा. आमच्या तटाला १६० मंत्र, म्हणजे ८० दिवस. उरलेले ३२० दिवस मांत्रिक काय करत होता? आंबे राखत होता?

होनाच्या वजनाबद्दल बोलू नये. त्या नियमांप्रमाणे ५० नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे आमचे ३६,००० होन सव्वातीनशे किलो भरले आणि ते आम्ही चौघांनी दोन खेचरांवरून जंगलातून आणले, असे गृहीत धरले गेले. शिवकालीन होन तीन ग्रॅमच्याही आतला असे. खेळातले नाणे नऊ ग्रॅमचे. एवढ्या जड नाण्यांत हलका माल विकायचा, ही कला आहे.

तटाचे वर्णन करताना विशेषणे सढळ हाताने वापरावीत. ‘अभेद्य’, ‘अजेय’, ‘वज्रलेपित’ असे शब्द जितके अधिक, तितक्या जाडीचा उल्लेख कमी करता येतो.

पाणी कुठून येते ते कधीही सांगू नये.

आकाशातून येणाऱ्या शत्रूचा विचारच करू नये. तटावर छप्पर घालायचे तर कौले लागतात, आणि कौले वानर फोडतात.

आता मुख्य युक्ती, जिच्यावर हा सगळा धंदा उभा आहे. तट विकून झाल्यावर, होन मोजून घेतल्यावर, दोन आठवडे गप्प बसावे. मग तिसऱ्या रविवारी शत्रूचा एक मांत्रिक पाठवावा आणि त्याच्याकडून ‘पासवॉल’ म्हणवून घ्यावे. हा मंत्र लाकूड, गिलावा किंवा दगड यांत ५ फूट रुंद, ८ फूट उंच आणि २० फूट खोल असा रस्ता एक तासभर उघडून देतो. आपण १० फूट जाडीचा तट विकलेला आहे. मंत्राच्या पल्ल्याच्या तो निम्मा आहे. शत्रूची फौज आरामात आत येते, कोठार पेटवते, आणि आपण शांतपणे सांगावे की ‘भेदमंत्ररोधक लेप’ तुम्ही घेतलाच नव्हता, तो वेगळा असतो, प्रति फूट ४० होन, आणि आता लावायचा असेल तर एकूण १६,००० होन होतील. हे वाक्य उच्चारताना चेहऱ्यावर थोडे वाईट वाटल्याचे भाव असावेत. बांधकामाच्या क्षेत्रात हे भाव मी इतक्या चेहऱ्यांवर पाहिले आहेत, की मला त्या क्षणी वाटले, मी खेळत नसून एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी वाळूचा जादा हिशेब ऐकत बसलो आहे. स्लॅब ओतून झाल्यावर ‘साहेब, वॉटरप्रूफिंग वेगळे’, दारे बसल्यावर ‘कड्या वेगळ्या’, कुंपणाचा गडगा बांधून झाल्यावर ‘पाया खणायचा धरला नव्हता’. जादा बाब! दिवसभर ज्या दोन शब्दांपासून पळतो, ते रविवारी माझ्या पडवीत येऊन माझ्याच खुर्चीवर बसले. एक काल्पनिक जग उभे करण्याचे स्वातंत्र्य तुम्हाला मिळाले, ज्यात ड्रॅगन आहेत, बोलणारी झाडे आहेत, चंद्र तीन आहेत, आणि त्या जगात तुम्ही काय आणलेत, तर ठेकेदाराचे जादा बिल!

आणि यावर मी आक्षेप घेतला तेव्हा उत्तर मिळाले, की मंत्रभेद हा खेळाचा भाग आहे, तुम्ही नियम वाचायला हवे होते. नियम मी वाचले आहेत. त्यातूनच तर मला हे दिसते की भिंत उभारणारा मंत्र आणि ती भेदणारा मंत्र दोन्ही पाचव्या पातळीचे आहेत. ज्याला बांधता येते त्याला फोडता येते, आणि बांधायला १६० मंत्र लागतात तर फोडायला एक. ही विषमता दर ठरवणाऱ्याच्या डोक्यात आधी असायला हवी. ती दोष नाही. खऱ्या तटाचीही गोष्ट तीच होती. पण मग भिंतीची किंमत तिच्या लांबीवरून नव्हे, तर ती शत्रूला काय खर्च करायला लावते यावरून ठरते, आणि ते समजून घ्यायला पडवीतून उठून समुद्राकडे नुसते बघितले असते तरी चालले असते.

उपरोध आता पुरे करतो, कारण मला तो पेलवत नाही.

सिंधुदुर्गाचा पाया कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला गेला. सुमारे ३ किलोमीटर लांबीचा, ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद तट. पायाच्या दगडांत शिसे ओतलेले. माझ्या वहीत तो साधारण ३५,४०० ब्रास होतो. तुमच्या मांत्रिकाने रोज दोन मंत्र म्हटले असते तरी त्याला साडेनऊ वर्षांहून अधिक लागली असती. माणसांनी तो तीनेक वर्षांत उभा केला. तुमच्याच नियमपुस्तकात मोठ्या किल्ल्याला ५,००,००० होन आणि १,२०० दिवस लिहिले आहेत, म्हणजे कालावधी जवळपास बरोबर आहे, एवढे तरी श्रेय ज्याने तो आकडा लिहिला त्याला देतो. पण सिंधुदुर्गाचे बळ त्या ब्रासांत नाही. ते आधी बेटाच्या निवडीत आहे, मग खडकांमधून होडी कुठून न्यायची हे ठाऊक असणाऱ्या माणसांत आहे, मग समोर जाऊन उभे राहिले तरी चटकन न दिसणाऱ्या दरवाजात आहे, आणि चारही बाजूंना खारे पाणी असताना आत असलेल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरींत आहे. आमच्या बेटावर विहीर कुठे आहे ते मी तीनदा विचारले. तीनही वेळा तुम्ही फासे हलवत राहिलात.

विजयदुर्गाला तिहेरी तटबंदी आहे. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, पण दर ठरवणाऱ्याला तिचा उपयोग सुचत नाही. एका जाड भिंतीऐवजी तीन भिंती आणि त्यांच्यामध्ये २० फुटांहून अधिक अंतर ठेवले, तर शत्रूला एकाच मंत्रात आत येता येत नाही. त्याला तीन मंत्र खर्चावे लागतात, आणि पहिल्या भोकातून दोघादोघांच्या रांगेने आत आलेल्या फौजेला दोन भिंतींमधल्या गल्लीत वरून मारता येते. बांधणाऱ्याला प्रश्न तीनच पडतात: मंत्राचा पल्ला किती, गल्ली किती रुंद, पहारा कुठे. याचे दरपत्रक करून बघा, विकतही घ्यावेसे वाटेल. त्याच किल्ल्याबाहेर समुद्रात पाण्याखाली भिंत आहे, म्हणजे शत्रूच्या जहाजाला भिंत दिसते ती भिंत लागल्यावर. आणि इतके सगळे असूनही फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे तो पडला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. म्हणून ‘अभेद्य’ हा शब्द या किनाऱ्यावर कोणी सहज वापरत नाही. जंजिऱ्यासाठी वापरतात, आणि तिथेही संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून वाट करायला घेतली होती.

मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर मी एकदा एका चिऱ्याच्या जागी बोट घातले होते. खाऱ्या वाऱ्याने चिरा झिजून पोकळ झाला होता आणि त्याभोवतालचा चुना मात्र तसाच उभा होता, मधाच्या पोळ्यासारखा. दगड गेला, सांधा राहिला. सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी भिंत अशी दिसते. तुमच्या दरपत्रकात सांधा हा शब्दच नाही. वारा नाही, मीठ नाही, देखभालीचा दर नाही. तुमचा तट पहिल्या दिवशी जसा तसाच हजाराव्या दिवशी, तुम्ही मांत्रिक पाठवेपर्यंत.

हे तुम्हाला सांगतो आहे, गेममास्टर, कारण तुम्ही हे वाचणार हे मला ठाऊक आहे. तुम्ही आळशी आहात. जादू या शब्दामागे तुम्ही लपता आणि त्याच्या आडून आमचे चौदा महिने खाता. भिंत कशाने पडते हे विकण्यापूर्वी सांगायचे असते. घराचे काम घेणारा अगदी नवखा माणूसही कागदावर ‘यात समाविष्ट नाही’ अशी एक ओळ लिहितो, आणि ती लिहिली नाही तर बाजारात त्याला दुसरे काम मिळत नाही. तुम्हाला मिळते, कारण आम्ही मित्र आहोत आणि पावसात दुसरीकडे जायला जागा नाही.

येत्या रविवारी मी मोजमापाची वही घेऊन बसणार आहे. तटाचे नवे दरपत्रक लेखी हवे, त्यात प्रत्येक मंत्रासमोर तो लागू पडतो की नाही ते लिहिलेले हवे, आणि बेटाच्या नकाशावर विहीर दाखवलेली हवी. लेपाचे १६,००० होन मी देणार नाही.