आर्ब्रोथचा फरकोट आणि आमची घोंगडी

मे महिन्यात पुतणीकडे स्कॉटलंडात डंडीला गेलो होतो हे बऱ्याच जणांना माहितीये, कारण फोटो टाकून टाकून तुम्हाला वात आणला होता. पण एक गोष्ट तेव्हा लिहायची राहिली, म्हणजे लिहायला घेतली की लांबणार हे माहीत होतं म्हणून टाळत होतो. आज सकाळपासून पाऊस आहे, कुठं जायचं नाही, तर लिहूनच टाकतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

डंडीहून ॲबर्डीनला जाणारी रेल्वे समुद्राच्या कडेकडेनं जाते. वाटेत आधी आर्ब्रोथ लागतं, मग मॉन्ट्रोझ. आर्ब्रोथला आम्ही उतरलो ते स्मोकी खायला. हॅडॉक नावाचा मासा असतो, त्याचं डोकं काढून दोन-दोन मासे शेपटीकडं सुतळीनं बांधतात, ती जोडी काठीवर अडकवतात, खाली लाकडाचा जाळ आणि वरून ओलं गोणपाट टाकून धुरी कोंडतात. गरम गरम कागदावर देतात, काट्यापासून मास सुटं होत जातं, बोटांना दोन दिवस धुराचा वास. मी माणदेशातला माणूस, मासे मला फारसे कळत नाहीत, पण हा प्रकार जमला. गोणपाट बघून मात्र हसू आलं. डंडीच्या गिरण्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या बंगालचा ताग विणला गेला, तिथल्या अर्ध्या जुन्या इमारती त्याच्यावर उभ्या आहेत, आणि इथं माशावर पण तेच.

तर पुतणी म्हणाली काका, तुमच्या त्या मोर्ले-मिंटोतला मोर्ले इथलाच खासदार होता म्हणे. मी म्हणलं, काहीतरीच काय. शाळेत मोर्ले-मिंटो सुधारणा 1909 अशी एका श्वासात पाठ केलेली, मिंटो व्हाइसरॉय आणि मोर्ले भारतमंत्री, म्हणजे लंडनला बसून हिंदुस्थानचा कारभार बघणारा मंत्री, संपलं. मोर्लेला कुणी निवडून दिलं, कुठल्या गावानं, कुठल्या लोकांनी, हा प्रश्न आम्हाला मास्तरांनी कधी विचारला नाही आणि आम्हीही मास्तरांना विचारला नाही. रात्री फोनवर शोधत बसलो. ती बरोबर होती. 1896 ते 1908 अशी 12 वर्षं जॉन मोर्ले मॉन्ट्रोझ बर्ग्ज नावाच्या मतदारसंघाचा खासदार होता. तो मतदारसंघ आता नाही, 1950 साली गेला.

हे बर्ग्ज प्रकरण जरा समजून घ्या, कारण भारी आहे. बर्ग म्हणजे राजाच्या सनदेचं गाव, बाजारपेठेचं. मॉन्ट्रोझ, आर्ब्रोथ, ब्रीखिन, फोरफार आणि वर किनाऱ्यावरचं इन्व्हरबर्वी अशी पाच गावं मिळून एक मतदारसंघ, आणि मधली शेतंभातं, वाड्यावस्त्या त्यात नाहीत, ती काउंटीच्या मतदारसंघात. म्हणजे नकाशावर पाच ठिपके. दहिवडी, फलटण, विटा, पंढरपूर आणि सांगोला एवढी गावं उचलून एक खासदार द्यायचा आणि मधला सगळा मुलूख दुसऱ्याकडं, असं काहीतरी.

1832 च्या आधी तर याहून मजा होती. तेव्हा फोरफार यांच्यात नव्हतं, त्याच्या जागी ॲबर्डीन होतं आणि मतदारसंघाचं नावही ॲबर्डीन बर्ग्ज. प्रत्येक गावाच्या कौन्सिलनं एक प्रतिनिधी निवडायचा, पाच प्रतिनिधी एकत्र बसणार आणि खासदार ठरवणार. तीन खिशात घातले की तुम्ही लंडनला. आणि ती कौन्सिलं तरी कोण निवडायचं, तर जुनी कौन्सिलच नवीन कौन्सिल निवडायची! आपल्याकडं विधान परिषदेला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात नगरसेवकांना सहलीला नेतात ना, ते मी लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं मला हे वाचताना अजिबात परकं वाटलं नाही. 1832 च्या कायद्यानं ती प्रतिनिधींची पद्धत मोडली. तोपर्यंत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये मतदार साधारण 4,500, कायद्यानंतर 65,000. तेही गावांत फक्त वर्षाला 10 पौंड भाडं येईल एवढ्या घरवाले पुरुष, पण तरी.

पहिले दोन खासदार पटकन उरकतो. एक होरेशिओ रॉस, हौशी गडी, निशाणबाज आणि फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला फोटोग्राफर, दुसरा पॅट्रिक चाल्मर्स, जुन्यापुरान्या गोष्टींचा अभ्यासक, 1842 ला त्यानं जागा सोडली. आणि मग आला जोसेफ ह्यूम, आणि इथं मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

ह्यूम मॉन्ट्रोझचाच. 1777 चा जन्म, बाप जहाजावरचा, लवकर वारला, आईनं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान चालवून पोरं वाढवली. हा वैद्यकी शिकला आणि ईस्ट इंडिया कंपनीत सर्जन म्हणून बंगालला गेला. भाषा शिकला म्हणून दुभाषाही झाला. 1803 ला इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं तेव्हा कंपनीची तोफांची दारू ओली झालेली, ती धोका न होता वाळवायची कशी हे ह्यूमनं काढून दिलं. म्हणजे आपल्याच लोकांवर झाडायची दारू या मॉन्ट्रोझच्या पोरानं वाळवून दिली, हे विसरू नका. 1808 च्या सुमारास परत गेला तेव्हा 40,000 पौंड घेऊन गेला. डॉक्टरकीच्या पगारात एवढे होत नाहीत हे सांगायला मी लागत नाही. त्या पैशातून आधी वेमथची जागा सरळ विकत घेऊन पार्लमेंटात गेला, मग ॲबर्डीन बर्ग्ज, मग मिडलसेक्स, मग आयर्लंडातलं किल्केनी, आणि शेवटी 1842 पासून 1855 ला मरेपर्यंत मॉन्ट्रोझ बर्ग्ज.

आणि हाच माणूस पुढं सरकारी खर्चाचा काळ झाला. बजेटातली एकेक रक्कम उपसायचा, बेरीज मागायचा. टोटल हा शब्द तो स्कॉटिश ढंगात टॉटल असा म्हणायचा म्हणून सगळे त्याची टिंगल करायचे, याला फरक पडत नव्हता. सैन्यातले फटके बंद करा म्हणून भांडला, 1824 ला कामगारांच्या संघटनांवरची बंदी उठली त्यात याचा मोठा हात. आणि 1831 साली, म्हणजे मिडलसेक्सचा खासदार असताना, त्यानं पार्लमेंटात मागणी केली की वसाहतींना 19 खासदार द्या, त्यातले 4 हिंदुस्थानला. 1831! त्या 4 जागांना मत कलकत्त्याच्या गोऱ्यांनीच दिलं असतं असं मला वाटतं, मी एवढा भोळा नाही. पण मागणी झाली, सभागृहानं मतदानाची वेळही न येऊ देता फेटाळली.

आता त्याचा पोरगा कोण? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसवाला. हे कळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला पुतणीच्या खोलीचं दार वाजवलं, तिला वाटलं काकांच्या छातीत दुखतंय. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, कॉलरा आला म्हणून मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हललं, 28 डिसेंबर 1885, 72 प्रतिनिधी. त्या ह्यूमचा बाप मॉन्ट्रोझ बर्ग्जचा खासदार, हे आम्हाला कुठल्या पुस्तकात होतं?

दुसऱ्या दिवशी मॉन्ट्रोझला गेलो. तिथं खाडीचं मोठं बेसिन आहे, रेल्वे स्टेशन त्याच्या काठावरच, ओहोटीला सगळा चिखल आणि पक्षी. मुख्य रस्ता भरपूर रुंद आणि त्यावर जोसेफ ह्यूमचा पुतळा. डोक्यावर एक सीगल बसला होता. पाच मिनिटं थांबलो, तो उडाला नाही, शेवटी तसाच फोटो घेतला.

तर मोर्ले. तो या गावांचा कुणी लागत नव्हता. ब्लॅकबर्नचा माणूस, संपादक, विद्वान, उदारमतवादी म्हणून नावाजलेला. 1895 ला न्यूकॅसलला पडला. मग 1896 ला मॉन्ट्रोझ बर्ग्जची जागा रिकामी झाली आणि लिबरलांनी याला तिथं बसवलं. सुरक्षित मतदारसंघ, उपरा उमेदवार, आपल्याला काय सांगायचं. आयर्लंडला होमरूल द्या म्हणून हा आयुष्यभर बोलला. डिसेंबर 1905 मध्ये तो भारतमंत्री झाला तेव्हा गोखल्यांना फार आशा होती, लंडनला त्याच्या भेटी घेतल्या, समजावलं. आणि 1907 च्या मे मध्ये याच्याच कारकिर्दीत लाला लजपतरायांना खटला न चालवता मंडालेला पाठवलं.

त्या वर्षी 21 ऑक्टोबरला मोर्ले आपल्या मतदारांपुढं बोलायला आर्ब्रोथला आला. विषय हिंदुस्थान. त्याच सुमारास तिकडच्या मजूर पक्षाचा पुढारी कीर हार्डी आपल्याकडं फिरत होता आणि हिंदुस्थानला कॅनडासारखं स्वराज्य द्या असं म्हणतो म्हणून विलायतेत बोंब चालू होती. मोर्ले म्हणाला की जे कॅनडाला चांगलं ते हिंदुस्थानलाही चांगलं असं समजणं ही राजकारणातली सगळ्यात मोठी फसगत आहे. पुढं दाखला दिला. कॅनडात थंडीच्या दिवसांत फरकोट सुखाचा असतो, म्हणून दख्खनमध्येही फरकोट घालायला तुम्हाला मजा येईल, असं म्हणण्यासारखं ते आहे.

दख्खनमध्ये! अख्ख्या हिंदुस्थानातून त्याला दख्खनच आठवलं.

हे वाचल्यावर मला आमचे आजोबा आठवले. डिसेंबरात ज्वारी राखायला रानात झोपायचे, पहाटे असं गार पडायचं की दात वाजायचे, आणि अंगावर काळी घोंगडी. टोचायची, मेंढराचा वास यायचा, पण दवानं वरून ओली झाली तरी आत ऊब. मोर्लेसाहेबाला दख्खन म्हणजे नुसतं ऊन वाटलं. आणि मुळात त्याच्याकडं फरकोट मागितला कुणी होता? टिळक काय गोखले काय, भाषा वेगळी, घाई वेगळी, पण मागणं हेच की अंगावर काय घ्यायचं ते आमचं आम्हाला ठरवू द्या.

मला राग त्याचा नाही येत तेवढा. तो साम्राज्याचा मंत्री, तो असंच बोलणार. राग येतो आपल्यातल्या लोकांचा. लग्नात जेवणाच्या पंगतीला, सोसायटीच्या मीटिंगला, पेन्शनरांच्या कट्ट्यावर मी हे वाक्य कितीदा ऐकलंय, ‘आपल्या लोकांना लोकशाही झेपत नाही हो, आपल्याला दंडुकाच पाहिजे’. शिकलेली माणसं म्हणतात हे. मोर्लेचाच फरकोट, फक्त आता मराठीतून, आणि बोलणारा स्वतःला कधी त्या ‘आपल्या लोकां’त धरत नाही.

आणखी एक. आर्ब्रोथच्या त्या सभेतले जे मतदार होते, दुकानदार, सुतार, गिरणीत तागाचं नाहीतर जवसाच्या धाग्याचं काम करणारे पुरुष, त्यांच्या मताच्या जोरावर हा माणूस आमचा कारभार बघत होता. त्याच गिरण्यांतल्या बायकांना मत नव्हतं. आम्हाला तर नव्हतंच. पण निदान त्या पाच गावांना त्याला पाडायचा हक्क होता. तोही 1908 च्या मे मध्ये संपला. मोर्लेला व्हायकाउंट हा किताब देऊन लॉर्ड्समध्ये, म्हणजे निवडून न येता बसता येतं त्या वरच्या सभागृहात पाठवलं, भारतमंत्रिपद तसंच. मॉन्ट्रोझ बर्ग्जला पोटनिवडणूक झाली, रॉबर्ट हार्कोर्ट निवडून आला. 24 जूनला मुंबईत टिळकांना अटक, 22 जुलैला 6 वर्षांची शिक्षा, पुन्हा मंडाले. म्हणजे त्या वेळी भारतमंत्र्याला जाब विचारू शकेल असा एकही मतदार जगात उरला नव्हता, इकडं नाही की तिकडं नाही. टिळकांवर खटला भरायलाच नको होता असं त्यानं खाजगी पत्रात मुंबईच्या गव्हर्नरला कळवलं होतं. खाजगीत. उघडपणे काय केलं? डिसेंबरात लॉर्ड्समध्ये सांगितलं की या सुधारणांतून, म्हणजे त्याच मोर्ले-मिंटो सुधारणांतून, हिंदुस्थानात पार्लमेंट येणार असेल तर मला त्यात काही करायचं नाही.

मला विचाराल तर या दोघांत मला ह्यूम जास्त आवडतो, आणि हे कबूल करताना जीभ चावावी लागते, कारण तो लूट घेऊन गेलेला माणूस. मोर्लेनं आपल्याकडून पैसा नेला नाही, वागायला सभ्य, गोखल्यांशी आदबीनं बोलणारा. पण आकडे मागणारा तो भांडकुदळ म्हातारा निदान म्हणाला तरी की यांना आत घ्या, बसू द्या.

मॉन्ट्रोझ बर्ग्ज नंतरही 42 वर्षं चाललं, मोठं काही घडलं नाही. शेवटचा खासदार जॉन मॅक्ले, तो पुढं दुसऱ्या मतदारसंघातून येऊन स्कॉटलंडचा मंत्री झाला. 1950 च्या निवडणुकीत ही पाच गावं अँगसच्या दोन नव्या मतदारसंघांत वाटून टाकली, मधल्या शेतांसकट, ठिपक्यांची गंमत संपली. ते पार्लमेंट बरखास्त झालं 3 फेब्रुवारी 1950 ला. मी तारखा दोनदा तपासल्या. त्याच्या आठ दिवस आधी, 26 जानेवारीला, आपल्याकडं 21 वर्षांच्या वरच्या प्रत्येक बाई-पुरुषाला मत देणारी घटना लागू झाली होती.

आजोबांची घोंगडी अजून गावाकडं ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. आर्ब्रोथला मात्र मे महिन्यात मी दोन स्वेटर, मफलर आणि पुतणीचं जॅकेट घालून स्मोकी खात होतो, तो फोटो ती टाकू नका म्हणतीये, तरी खाली टाकतो.