‘कुठलाही योगाचा व्हिडिओ लावा’ असं कुणाला सांगू नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. थोडक्यात असा: ‘योगानं कधी कुणाला अपाय होत नाही. फोनवर कुठलाही व्हिडिओ लावा, थेट सूर्यनमस्कारांनी सुरुवात करा, १२ वरून १०८ वर जा. दुखलं तर लागू पडतंय समजा. घाम न काढणारे सोपे व्हिडिओ आळशांचे. शंका असेल तर ज्याला जास्त व्ह्यूज तो घ्या.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण माझ्या ५८ वर्षांच्या मावशीनं हे सगळं अक्षरशः पाळलं आणि तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. म्हणून एकेक वाक्य घेते.

अपाय होत नाही? होतो. डोकं खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू असलेल्यांना ते महागात पडू शकतं. हाडं ठिसूळ झालेली असताना पाठ गोल करून पुढे वाकणं मणक्याला धोक्याचं. हर्निया, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण यांत कपालभाती करायची नसते. २१ जूनच्या योग दिनासाठी आयुष मंत्रालयानं जो ४५ मिनिटांचा अभ्यासक्रम ठरवला आहे, त्याच्या पुस्तिकेतही कुठलं आसन कुणी टाळावं हे दिलेलं आहे. आणि त्याची सुरुवात सूर्यनमस्कारानं होत नाही. आधी मान, खांदे, कंबर, गुडघे सैल करून घेतात.

सूर्यनमस्काराबद्दल मला मनापासून आदर आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तो संस्थानातल्या शाळांमधून रुजवला, पण ती वाढत्या वयाची लवचीक मुलं होती. ‘१०८ ही जुनी परंपरा’ म्हणणाऱ्यांनी तर हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथावरची ब्रह्मानंदांची ‘ज्योत्स्ना’ ही टीका, म्हणजे स्पष्टीकरण, उघडावी. शरीराला क्लेश देणारं काय काय टाळावं, याची उदाहरणं देताना ते पुष्कळ सूर्यनमस्कार घालणं आणि जड ओझी उचलणं ही दोन्ही एकत्र सांगतात.

मावशीचं काय झालं ते मी चौथ्या दिवशी पाहिलं. तिला म्हटलं, करू नकोस, फक्त हळूहळू दाखव. फोन टीव्हीच्या टेबलाला टेकवलेला. पर्वतासनात, म्हणजे हातपाय जमिनीवर आणि कंबर वर अशा स्थितीत, मान दोन्ही दंडांच्या मध्ये सैल सुटायला हवी, पण पडद्यावरची मुलगी कुठवर गेली हे बघायला मावशी मान उलटी पिळत होती. तिचा पाय पुढे येईपर्यंत ती मुलगी उभीसुद्धा राहिलेली. खाली सतरंजी असल्यानं वरची चटई तळहातांखालून सरकत होती. आणि मुख्य म्हणजे तिच्या मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले. अशा वेळी ओणवं होताना वाक खुब्यातून येत नाही, कंबरेतून येतो. एका सूर्यनमस्कारात दोनदा ओणवं व्हायचं, म्हणजे १२ नमस्कारांत २४ वेळा कंबरेला ओढ. उसण भरणारच.

व्हिडिओतल्या माणसाला आपण दिसत नाही. वर्गात शिक्षक हात लावून खांदा खाली घेतात, इथे तसं कुणी नसतं. मग आपल्या हाती उरतो तो त्यांचा आवाज. म्हणून माझा आग्रह आहे की नवशिक्यानं व्हिडिओ डोळ्यांनी नाही, कानांनी निवडावा. आधी चटई घालूच नका. खुर्चीत बसा, डोळे मिटा आणि पाच-सात मिनिटं नुसतं ऐका. हालचालीच्या आधी सूचना येते का, की करून झाल्यावर नाव सांगतात? ‘श्वास सोडा’ म्हटल्यावर तुमचा श्वास पुरता सुटेपर्यंत ते थांबतात का? ‘हात पोचत नसेल तर गुडघे वाकवा, भिंत धरा’ असं म्हणतात का? आसनातून बाहेर कसं यायचं, कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन, हे सांगतात का? नुसतं ऐकून आसन डोळ्यांपुढे उभं राहत नसेल तर तो व्हिडिओ तुमच्यासाठी नाही, शिकवणारे कितीही मोठे असोत. भाषाही आपली असावी. आणि शवासनात मध्येच जाहिरात वाजणार नाही याची खात्री करा, शक्य असेल तर डाउनलोड करून ठेवा.

‘दुखलं तर लागू पडतंय’ हे तर सरळ चुकीचं. स्नायूच्या मधोमध जाणवणारा, श्वास सोडताना सैल पडणारा ताण चालतो. सांध्यात टोचलं, चमक आली, पायाला मुंग्या आल्या की तिथेच थांबायचं. श्वास रोखला जात असेल तरी जास्त होतंय. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ अशी केली आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न शिथिल करायला सांगितला. घामाचा तिथे उल्लेखही नाही.

सोपं ते आळशांचं, हे वाचून मला राग आला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड वापरून ज्यांना साधं बसताही येत नव्हतं त्यांच्याकडून आसनं करून घेतली. आधार घेणं हा त्यांच्या पद्धतीचा कणा आहे. व्ह्यूजबद्दल एवढंच, की किती जणांनी व्हिडिओ उघडला ते त्यातून कळतं, किती जणांच्या गुडघ्यांना सोसला ते नाही.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, दीड महिन्यानं मावशीनं पुन्हा सुरुवात केली. वीस मिनिटांचा व्हिडिओ, निम्मा खुर्चीत बसून. वज्रासनात बसताना ती मांडी आणि पोटरीच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवते. परवा गेले तेव्हा तिचं चाललेलंच होतं. मराठीतून सावकाश सूचना ऐकू येत होत्या, मावशीचे डोळे मिटलेले होते आणि फोन दिवाणावर पालथा पडलेला होता.