भर उन्हातली मेणबत्ती

कॅथलिक मेणबत्तीबद्दलचा एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. जुनी चर्चं अंधारी असत म्हणून मेणबत्त्या लागत, वीज आल्यावर नुसती सवय उरली. दोन फेब्रुवारीचा मेणबत्त्यांचा सण म्हणजे लुपर्कालिया या प्राचीन रोमन सणाचंच नवं नाव. आणि जुन्या धार्मिक चित्रांत मेणबत्ती दिसते, कारण चित्रकारापाशी उजेडाचं दुसरं साधनच नव्हतं. मी वसईत, पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री हातात मेणबत्ती धरून वाढलो. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी अंधाराचा मुद्दा. ‘सूर्य तळपत असताना मेणाच्या वाती कशाला पेटवता?’ असा आक्षेप विजिलांशियस नावाच्या गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) धर्मगुरूनं घेतला होता. बेथलेहेमात राहणाऱ्या संत जेरोमनं इसवी सन 406 मध्ये त्याला उत्तर लिहिलं. रात्रीच्या जागरणाला अंधारासाठी मेणबत्त्या लागतात, हे जेरोम मान्यच करतो. पण पुढे तो सांगतो की पूर्वेकडच्या सगळ्या ख्रिस्तसभांत शुभवर्तमान वाचताना लख्ख ऊन असलं तरी दिवे लावतात, आणि ते अंधार घालवण्यासाठी नाही, आनंद दाखवण्यासाठी. म्हणजे दिवसाउजेडी लावलेल्या दिव्यावरून सोळाशे वर्षांपूर्वीच वाद झाला होता. दिवा फक्त काळोखासाठी असता तर विजिलांशियसला तक्रार करायला जागाच नव्हती.

पास्काच्या मेणबत्तीचं बघा. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली-शेवटची अक्षरं, चालू वर्षाचे चार आकडे आणि धुपाचे पाच खडे असतात. ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, नव्या अग्नीवरून ती पेटवतात आणि ‘हीच ती रात्र’ असं पुन्हा पुन्हा म्हणणारं एक्झुल्टेट हे स्तुतिगीत गातात. रात्रीचा हा विधी अलीकडे सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन ठेपला होता. कित्येक शतकं युरोपभर खिडक्यांतून ऊन आत येत असताना ती मेणबत्ती पेटत होती. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये विधी रात्री करायची परवानगी दिली आणि 1955 च्या फर्मानानं तो सगळीकडे रात्रीवर आणला. मधल्या शतकांत उजेडासाठी त्या मेणबत्तीची कुणालाच गरज नव्हती, तरी ती वगळली गेली नाही.

याच्या अगदी उलट टेनेब्रे. पवित्र आठवड्यातल्या या जुन्या प्रार्थनेत त्रिकोणी घडवंचीवर पंधरा मेणबत्त्या असायच्या. एकेक स्तोत्र संपलं की एकेक विझवायची. काळोख दाटत जायचा. शेवटची एक मात्र न विझवता वेदीमागे लपवायची आणि अखेरीस परत आणायची. हे अंधारावर उपाय म्हणून ठेवलेल्या दिव्याचं वागणं नव्हे.

मेणाकडे तर त्या संदेशाचं लक्षच गेलेलं नाही. युरोपात गरिबाघरी जनावरांच्या चरबीची मेणबत्ती जळायची, कारण ती स्वस्त होती. नुसता उजेडच हवा असता तर चर्चलाही तीच पुरली असती. पण आग्रह धरला गेला तो मधमाशीच्या मेणाचा. पास्काच्या मेणबत्तीत आणि मिस्साच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या) दोन मेणबत्त्यांत बहुतांश भाग मधमाशीच्या मेणाचाच हवा, असं रोमनं 1904 मध्येही बजावलं. एक्झुल्टेटमध्ये मधमाशीचं कौतुक आहे. दक्षिण इटलीत दहाव्या ते तेराव्या शतकांत हे गाणं चर्मपत्राच्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. त्यांतल्या अनेकींवर चित्रं अक्षरांच्या उलट दिशेनं काढलेली आहेत. गाणारा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक) उंचावरून गुंडाळी पुढे सोडत जाई आणि खाली उभ्या लोकांना चित्र सरळ दिसे. त्या चित्रांत फुलांवर बसलेल्या मधमाश्याही आहेत. मेणबत्तीचं मेण कुठून येतं हे लोकांना चित्रातून दाखवायचं, एवढं महत्त्व त्या मेणाला होतं.

लुपर्कालियाचा मुद्दा चटकन निकालात निघतो. तो सण 15 फेब्रुवारीचा. त्यात बकऱ्याचा बळी, त्याच कातड्याचे पट्टे आणि ते घेऊन धावणारे तरुण. मेणबत्त्यांचा सण तिकडून आलेला नाही, तो आला जेरुसलेममधून. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे गेलेली यात्रेकरू एगेरिया प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या (6 जानेवारीनंतरच्या) चाळिसाव्या दिवशीचा हा उत्सव वर्णन करते. पुढे मोजणी 25 डिसेंबरपासून झाली आणि तारीख 2 फेब्रुवारी आली. पोप गेलेशियस लुपर्कालियाविरुद्ध लिहितात ते पाचव्या शतकाच्या शेवटी, रोममध्ये हा सण पोहोचतो सातव्या शतकात. हा सण बाळ येशूला मंदिरात आणल्याच्या आठवणीचा, आणि तिथे वृद्ध शिमोन त्याला राष्ट्रांसाठीचा प्रकाश म्हणतो. मेणबत्त्यांना आधार आहे तो त्या शब्दांचा.

उसनवारी झालीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रोमन साम्राज्यात मोठ्या अधिकाऱ्यांच्या नेमणूकपत्रांशेजारी पेटत्या मेणबत्त्या ठेवत. सातशेच्या सुमाराच्या रोमन विधिग्रंथात पोपपुढे सात मेणबत्त्या चालतात, आणि आजही धर्मप्रांताचे बिशप मिस्सा करतात तेव्हा वेदीवर सातवी मेणबत्ती लावतात. हा मान दरबारातून आला. आणि चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लॅक्टँशियस हा ख्रिस्ती लेखकच मूर्तिपूजकांना विचारत होता की देव काय अंधारात बसलाय, त्याच्यापुढे दिवे कसले लावता? जेरोमही लपवत नाही. पूर्वी हे मूर्तींसाठी व्हायचं म्हणून त्याज्य होतं, आता हुतात्म्यांसाठी होतं म्हणून स्वीकारायचं, असं तो सरळ लिहितो. ज्यांनी उघडपणे घेतलं त्यांच्यावर चोरीचा आळ का घ्यायचा?

आता चित्रं. स्वीडनची संत ब्रिजिट 1372 मध्ये बेथलेहेमला गेली, तेव्हा तिला ख्रिस्तजन्माचं दर्शन घडलं. त्यात योसेफ पेटती मेणबत्ती आणतो, पण बाळाच्या तेजापुढे तिचा उजेड पडतच नाही. फ्रान्समधल्या दीजाँच्या संग्रहालयात पंधराव्या शतकातला चित्रकार रॉबर्ट कँपिनचं ख्रिस्तजन्माचं चित्र आहे. मागे डोंगरावर सूर्य वर येतोय आणि म्हातारा योसेफ तळहाताच्या आडोशानं मेणबत्तीची ज्योत जपतोय. उजेड दिवसाचा आहे, मेणबत्तीची काहीच गरज नाही. तिचा प्रकाश किती अपुरा, हे दिसावं म्हणूनच ती रंगवली आहे. ‘दुसरा दिवा नव्हता’ म्हणणाऱ्यांनी हे चित्र एकदा डोळे भरून पाहावं, एवढीच विनंती. कँपिनच्याच कार्यशाळेतलं मेरोद वेदीचित्र न्यूयॉर्कमध्ये आहे. देवदूत मरियेपाशी आलाय आणि टेबलावरची मेणबत्ती नुकतीच विझली आहे, धुराची रेघ अजून वर चढतेय. खोलीत स्वच्छ दिवस आहे.

म्हणून चित्रातल्या प्रत्येक मेणबत्तीला एक ठरलेला अर्थ आहे, असं उलट टोकही मी गाठणार नाही. चित्रकार व्हॅन आइकच्या 1434 च्या, आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात झुंबरावर दिवसाढवळ्या एकच मेणबत्ती पेटलेली आहे. कलेतिहासकार पानोफ्स्कीनं 1934 मध्ये तिचा संबंध सर्वसाक्षी ख्रिस्ताशी आणि लग्नाशी जोडला, पुढच्या अभ्यासकांनी त्याला हरकती घेतल्या आणि तो वाद मिटलेला नाही.

रात्रीच्या चित्रांचं म्हणाल तर पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातलं चित्रकार जॉर्ज द ला तूरचं ‘सुतार योसेफ’ घ्या. इथे खरोखरच काळोख आहे आणि मेणबत्तीखेरीज दुसरा उजेड नाही, म्हणजे त्या संदेशाला अगदी सोयीचं चित्र. योसेफ वाकून गिरमिटानं लाकडाला भोक पाडतोय. मेणबत्ती लहानग्या येशूच्या हातात आहे. ज्योतीपुढे धरलेल्या त्याच्या बोटांतून उजेड आरपार जातो, मांस लालसर दिसतं, नखंसुद्धा उजळलेली. ज्योत जवळजवळ हातामागे झाकली आहे. सगळ्यात उजळ दिसतो तो त्या मुलाचा चेहरा, आणि म्हाताऱ्याची नजर त्याच्याकडेच वळलेली आहे.